टॉर्चचा सेल घेताना : छापील आकड्याला भुलू नका, संरक्षण पाहा

भिवंडीत टॉर्च ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. यंत्रमागाच्या कारखान्यात भर दुपारीही मागाखाली उजेड पोहोचत नाही. जॉबरला पट्टा किंवा गिअर पाहायचा असला की एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात टॉर्च हे ठरलेलेच. दोन्ही हात अडकले तर टॉर्च दातात. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे या बाजूला गोदामे उभी राहिली तसे रात्रीचे पहारेकरी, ट्रक खाली करणारे हमाल आणि ताग्यांची मोजदाद करणारे मेहताजी यांच्याही हातात टॉर्च आली. जानेवारी २००७ मध्ये शहराची वीज वितरणाची व्यवस्था टोरेंट पॉवरकडे गेली. त्यापूर्वीचे भारनियमन ज्यांनी सोसले आहे, त्यांच्या घरात आजही उशाशी टॉर्च असते. २६ जुलै २००५ चा पूर असो की २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळल्याची दुर्घटना असो, अशा वेळी सरकारी मदत येईपर्यंत शेजाऱ्याच्या हातात जो उजेड असेल तोच कामाचा.

आपल्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे गोंधळ होतो. म्हणून या लेखात हातातल्या दिव्याला टॉर्च आणि आत घालायच्या नळकांड्याला सेल असे म्हटले आहे.

एव्हरेडीची पितळी-स्टीलची 'जीवनसाथी' टॉर्च वापरलेली पिढी अजून आपल्यात आहे. तिचे सेल संपले की फेकून द्यायचे. फार तर आत गळून टॉर्च गंजायची. त्या सेलपासून कारखान्याला आग लागेल असे कोणाच्या मनातही येत नसे. आता बाजारात दिसणाऱ्या एलईडी टॉर्चचा मामला वेगळा आहे. हाताच्या बोटाएवढा एक लिथियम सेल दहा-वीस वॅटचा दिवा पेटवतो आणि पुन्हा चार्ज होतो. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणला आणि या शोधाबद्दल २०१९ मध्ये तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. वस्तू उत्तम आहे यात शंका नाही. पण जिथे एवढ्याशा डबीत इतकी शक्ती कोंबलेली असते, तिथे ती चुकीच्या वाटेने बाहेर पडली तर काय होईल याचाही विचार करावा लागतो. आपल्या कारखान्यांत तर तुळईवर, पंख्यावर, मोटारीच्या झाकणावर रुईच्या तंतूंचा थर बसलेला असतो. त्याला पेटायला मोठी ज्वाला लागत नाही.

अंगावर छापलेला आकडा

या सेलवर बहुधा १८६५० असे लिहिलेले असते. हा क्षमतेचा आकडा नव्हे, मापाचा आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. त्याच हिशेबाने २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब. टॉर्चच्या नळीत कोणते माप बसते हे आधी पाहावे, कारण चुकीच्या मापाचा सेल कागदाची घडी घालून बसवणारे कारागीर आपण सर्वांनी पाहिले आहेत.

क्षमतेचा आकडा वेगळा. तो मिलिअँपिअर-अवरमध्ये असतो आणि दुकानात त्याला थोडक्यात एमएएच म्हणतात. ३००० एमएएच म्हणजे तीन अँपिअरचा प्रवाह एक तास, किंवा एक अँपिअरचा तीन तास. खरी फसवणूक या आकड्यात आहे. रस्त्यावरच्या हातगाडीपासून पारदर्शक डबीत बंद केलेल्या मालापर्यंत १८६५० मापाच्या सेलवर ६८००, ८८००, ९९०० असे आकडे सर्रास छापलेले आढळतात. हे सर्व खोटे आहेत. पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी यांसारख्या ज्या कंपन्यांनी आयुष्यभर हेच काम केले, त्यांचे या मापाचे मोठ्या क्षमतेचे सेल ३४००-३५०० एमएएचच्या आसपास येऊन थांबले. अलीकडे एखाद-दुसरा सेल त्याच्या थोडा पुढे गेला आहे, इतकेच. तेव्हा ज्याच्यावर ९९०० लिहिले आहे त्याच्या आत काय आहे हे न उघडताही कळते. ज्यांनी असे सेल उघडून पाहिले त्यांना काहींच्या आत त्याहून बारीक सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी पूड भरलेली आढळली आहे. मापात पाप म्हणतात ते हेच.

यावर सोपा उपाय आपल्या बाजारातच आहे. सराफाच्या किंवा किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सेल तोलून पाहावा. १८६५० मापाच्या अस्सल सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरते, २१७०० चे ७० ग्रॅमच्या जवळपास. आकडा मोठा आणि वजन तीस-बत्तीस ग्रॅम, असा माल हातातही धरू नये. वजन बरोबर भरले म्हणजे माल चांगलाच, असे मात्र नाही, कारण जुना झिजलेला सेलही तेवढाच जड असतो. काटा खोटे पकडतो, खऱ्याची हमी देत नाही.

संरक्षण म्हणजे नेमके काय

यंत्रमागावर बाणा तुटला की माग थांबवणारा काटा असतो. कारागिराचे लक्ष नसले तरी माग कापड बिघडवत पुढे जात नाही. संरक्षित सेलमध्ये नेमके हेच काम करणारी एक लहानशी गोल चकती असते. ती सेलच्या तळाशी, म्हणजे उणे टोकाला बसवलेली असते. वरच्या अधिक टोकापासून तिच्यापर्यंत एक पातळ धातूची पट्टी सेलच्या अंगाला चिकटून खाली येते आणि या सर्वांवर प्लास्टिकचे आवरण चढवलेले असते.

ही चकती तीन प्रसंगी रस्ता तोडते. पहिला प्रसंग जास्त चार्ज होण्याचा. साधा लिथियम सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. चार्जर खराब असल्यामुळे तो पुढे ढकलला जाऊ लागला तर साधारण ४.२५ ते ४.३ व्होल्टच्या दरम्यान चकती प्रवाह बंद करते. असे झाले नाही तर आतल्या पत्र्यावर लिथियम धातूचा थर जमू लागतो, सेल तापतो, आत वायू तयार होतो आणि शेवटी फुटतो.

दुसरा प्रसंग अगदी रिकामा होण्याचा. हा धोका लोकांना ठाऊक नसतो, कारण जुन्या सेलला पार निपचित होईपर्यंत वापरण्याची आपल्याला सवय आहे. लिथियम सेल अडीच व्होल्टच्या फार खाली गेला तर आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. मग त्याला पुन्हा चार्ज केले की ते विरघळलेले तांबे नको त्या जागी जमते आणि आतल्या आत जोडणी होऊन बसते. पेटलेल्या सेलच्या पुष्कळ घटनांमागे त्या दिवशीचे कारण नसते, महिन्यापूर्वी कधी तरी ओढून ओढून रिकामा केल्याचे असते. म्हणून मंद झालेली टॉर्च 'अजून थोडी चालते आहे' म्हणून चालवत राहणे हे साध्या सेलच्या बाबतीत महागात पडते.

तिसरा प्रसंग शॉर्टसर्किटचा किंवा प्रमाणाबाहेर प्रवाह ओढला जाण्याचा. जॉबरच्या खिशात नट, बोल्ट, वॉशर, तारेचे तुकडे, किल्ल्या असतात. त्याच खिशात सुटा सेल टाकला आणि किल्लीने दोन्ही टोके जोडली, तर साधा सेल काही क्षणांत लाल तापू शकतो. अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला, तो याच कारणासाठी. मोठ्या कंपन्या हे सेल कारखानदारांना संच बांधण्यासाठी देतात, गिऱ्हाइकाच्या खिशासाठी नव्हे. दुसऱ्या कंपन्या तेच सेल घेऊन त्यांवर चकती बसवतात आणि आपल्या नावाने विकतात. नाइटकोर, फेनिक्स ही टॉर्चच्या व्यवसायातली नावे संरक्षित सेलही विकतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. किल्लीने जोडणी उघड्या टोकाशी झाली तर चकती वाचवते. पण आवरण फाटले, आणि आतील पट्टी सेलच्या धातूच्या अंगाला टेकली, तर चकतीला वळसा घालूनच शॉर्ट होतो आणि तिचा काही उपयोग राहत नाही. तेव्हा आवरण जरा जरी खरचटले तरी सेल टॉर्चमधून काढावा. ते आवरण बाजारात फुटावर मिळते आणि गरम हवेने बसवता येते, पण काम माहीतगारानेच करावे.

सेल संरक्षित आहे की नाही हे ओळखायचे कसे? लेबलावर तसे लिहिलेले असते, पण लेबल छापायला किती खर्च येतो? बोटाने अंगावरून चाचपून पाहावे. उभी पट्टी आवरणाखाली किंचित उंचवट्यासारखी लागते. तळाशी चकतीची कड जाणवते. आणि सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे व्हर्निअर, जो आपल्या प्रत्येक फिटरकडे असतो. चकती आणि वरचे बटण मिळून लांबी वाढते, त्यामुळे संरक्षित १८६५० सेल ६७ ते ७० मिलिमीटर भरतो. बरोबर ६५ भरला आणि लेबल 'संरक्षित' म्हणत असेल, तर दुकानदाराला विचारावे की चकती गेली कुठे. काही विक्रेते गिऱ्हाइकासमोर तारेने दोन्ही टोके जोडून 'पाहा, काही होत नाही' असे दाखवतात. हा खेळ कोणीही करू नये. चकती नसेल तर तिथेच हात भाजेल, आणि असली तरी अशा परीक्षेने तिच्यावर ताण येतो.

सेल आणि टॉर्चची सोयरीक

चांगला सेल आणि चांगली टॉर्च एकत्र आणली तरी त्यांचे जमेलच असे नाही. दहा वॅटचा दिवा एका सेलमधून साधारण तीन अँपिअर ओढतो. तो कोणत्याही बऱ्या संरक्षित सेलला झेपतो. पण पंचवीस-तीस वॅटची टॉर्च एकाच सेलवर असेल तर प्रवाह सात-आठ अँपिअरच्या घरात जातो. कमी किमतीच्या सेलची चकती त्यापूर्वीच रस्ता तोडते, आणि टॉर्च पूर्ण उजेडावर टाकताच विझते. गिऱ्हाईक सेल घेऊन दुकानात भांडायला येते. सेल खराब नसतो, सोयरीक चुकलेली असते. म्हणून सेलच्या वेष्टनावर किंवा माहितीपत्रकावर सतत किती अँपिअर देता येतील हा आकडा पाहावा. क्षमतेच्या आकड्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. तो कुठेच दिलेला नसेल तर मोठ्या टॉर्चसाठी तो सेल घेऊच नये.

असा तुटलेला सेल मीटरवर शून्य व्होल्ट दाखवतो आणि पाहणाऱ्याला मेल्यासारखा वाटतो. चांगल्या चार्जरमध्ये ठेवला की पुष्कळदा पुन्हा जागा होतो. काही चार्जर मात्र शून्य व्होल्टचा सेल ओळखतच नाहीत. तेव्हा फेकण्यापूर्वी दुसऱ्या चार्जरमध्ये ठेवून पाहावा.

लांबीचाही प्रश्न आहे. साध्या सेलच्या मापाने बनवलेल्या टॉर्चमध्ये ७० मिलिमीटरचा सेल बसत नाही आणि झाकण जोर लावून आवळले की स्प्रिंग चकतीवर दाब देते. उलट काही टॉर्चमध्ये वरचे टोक बटणासारखे उंच असल्याशिवाय जोडणीच होत नाही. खरेदीला जाताना टॉर्च बरोबर न्यावी हे उत्तम. मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनीही नमुन्यादाखल दोन-तीन प्रकारच्या टॉर्च पिशवीत ठेवाव्यात.

दोन, तीन किंवा चार सेलच्या टॉर्चबाबत जास्त सावध राहावे. सेल एकामागे एक लावलेले असतील आणि त्यांपैकी एक जुना किंवा कमी भरलेला असेल, तर तो आधी रिकामा होतो. मग दुसरा सेल त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलू लागतो. बंद नळीत हे घडले की वायू बाहेर जायला जागा नसते आणि टॉर्च नळबॉम्बसारखी फुटते. म्हणून जोडीचे सेल एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, सारखेच चार्ज केलेले असावेत. त्यांवर मार्कर पेनने अ आणि ब अशा खुणा कराव्यात आणि ती जोडी कधी मोडू नये. ज्याला एवढी शिस्त पाळता येत नसेल त्याने एकच सेलवाली टॉर्च घ्यावी. आमचे मत विचाराल तर कारखान्यात आणि गोदामात एका सेलची, मध्यम उजेडाची टॉर्चच योग्य. दोन फर्लांगावर प्रकाश फेकणारा दिवा मागाखाली पाहायला कोणाला हवा?

संरक्षित सेलचा एक तोटाही सांगितला पाहिजे. साधा सेल संपत आला की उजेड मंद होत जातो. संरक्षित सेलची चकती तुटते तेव्हा एकदम काळोख होतो. जॉबरचा हात गिअरमध्ये असताना किंवा हमाल शिडीवर असताना असे झाले तर अपघात होऊ शकतो. आता बऱ्याच टॉर्चमध्ये सेल कमी झाल्याची खूण देणारा बारीक लाल दिवा असतो, तसा पाहून घ्यावा. ती सोय नसेल तर भरलेला दुसरा सेल प्लास्टिकच्या डबीत जवळ ठेवावा.

स्वस्त कोणते, महाग कोणते

किमतीचा हिशेब करू. पुढील आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, आपापल्या बाजारभावाने ते बदलून पाहावेत. समजा एक बिननावाचा सेल १२० रुपयांना मिळाला. त्याच्यावर आकडा काहीही असो, आत खरी क्षमता ८०० एमएएच निघाली आणि चार महिन्यांत तो बसला. दुसरीकडे ३००० एमएएचचा अस्सल संरक्षित सेल ६०० रुपयांना पडला आणि दोन वर्षे चालला. पहारेकऱ्याला रात्रभरात तीन हजार एमएएचचे काम लागत असेल तर स्वस्तातले चार सेल बाळगावे लागतील. दोन वर्षांत ते सहा वेळा बदलावे लागतील. चार गुणिले सहा म्हणजे चोवीस सेल, त्यांचे २८८० रुपये. इकडे ६००. दुप्पट नव्हे, जवळजवळ पाचपट फरक. आणि यात आगीचा धोका हिशेबात धरलेलाच नाही.

बचत करायचीच तर ती वेगळ्या जागी करावी. सर्वांत मोठ्या क्षमतेचा सेल घेण्याची गरज बहुतेकांना नसते. २६०० एमएएचचा संरक्षित सेल ३५०० च्या मानाने बराच स्वस्त पडतो आणि ज्याची टॉर्च दिवसातून अर्धा-पाऊण तास लागते त्याला आठवड्यातून एक-दोनदा चार्ज करून पुरतो. विजेचा खर्च तर नगण्य आहे. ३००० एमएएचच्या सेलमध्ये जेमतेम अकरा वॅट-तास शक्ती मावते. चार्जरमधली गळती धरून पंधरा वॅट-तास लागले तरी एका युनिटमध्ये साठाहून अधिक सेल भरतात.

भंगारात आलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल आपल्याकडे आणि कुर्ल्याकडेही मिळतात. ते बहुधा नामवंत कंपन्यांचे असतात, आणि म्हणूनच मोह होतो. पण लॅपटॉपच्या संचात संरक्षणाची पट्टी एकत्र, सेलच्या बाहेर बसवलेली असते. सेल बाहेर काढला की तो उघडा राहतो. त्यात त्याचे निम्मे आयुष्य संपलेले असते. दुरुस्तीचे काम करणारे कारागीर मीटरवर तपासून, क्षमता मोजून ते कमी वॅटच्या दिव्यांना वापरतात, त्याला हरकत नाही. जास्त ताकदीच्या टॉर्चमध्ये मात्र ते घालू नयेत. सुट्या मिळणाऱ्या चकत्या साध्या सेलला डाग देऊन चिकटवण्याचा उद्योगही करू नये. सोल्डरिंगची उष्णता थेट सेलच्या तळाला लागली की आतील पातळ पडदा बिघडतो, म्हणजे संरक्षण बसवता बसवता सेलच धोक्याचा होतो.

ज्यांना फार उजेड लागत नाही आणि जोखीमही नको, त्यांच्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल आहेत. ते ३.२ व्होल्टचे असतात, क्षमता निम्म्याच्या आसपास, पण तापण्याला बरेच कणखर आणि आयुष्याने दीर्घ. त्यांना वेगळा चार्जर लागतो, आणि सर्वच टॉर्च त्यांवर नीट पेटत नाहीत. जुन्या पद्धतीच्या हंड्यासारख्या टॉर्चमधील चार व्होल्टची शिशाची बॅटरीही पेटण्याच्या दृष्टीने कमी धोक्याची. तिचा शत्रू वेगळा. रिकामी करून दोन महिने कोपऱ्यात ठेवली की ती मेलीच.

चार्जर

सेलला दिलेल्या पैशाची माती बहुधा चार्जर करतो. टॉर्चबरोबर फुकट मिळणारा, भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा हलका चार्जर पुष्कळदा सेल भरल्यावर थांबतच नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. चार्ज झालेला सेल काढून त्याचे व्होल्टेज मोजावे. ४.१५ ते ४.२० आले तर चार्जर ठीक. ४.२५ किंवा त्याहून जास्त आले तर तो चार्जर कितीही नवा असला तरी बाद करावा. चकती आहे म्हणून निष्काळजी राहू नये. चकती ही शेवटची भिंत आहे, रोज तिच्यावर धडका मारायच्या नाहीत. चार्जिंगचा वेग अर्धा ते एक अँपिअर ठेवला की सेल तापत नाही. स्पर्शाला गरम लागला तर बंद करावा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आधीच भट्टी असते, तिथे तर वेग कमीच ठेवावा.

चार्जिंग कारखान्यात मागाजवळ, रुईजवळ, ताग्यांच्या थप्पीवर किंवा पलंगाच्या गादीवर करू नये. फरशीवर किंवा कडप्प्यावर, डोळ्यांसमोर करावे. रात्री लावून झोपणे हे तर बंदच करावे. सेल पावसाळाभर नुसता पडून राहणार असेल तर पूर्ण भरून ठेवू नये, अर्धा भरून, म्हणजे ३.७-३.८ व्होल्टवर, थंड जागी ठेवावा.

सेल फुगला, गळला, किंवा त्यातून गोडसर उग्र वास आला तर तो ताबडतोब उघड्यावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर न्यावा. पेटलाच तर धूर विषारी असतो, त्यात श्वास घेऊ नये. या सेलमध्ये पाण्याशी भडकणारा शुद्ध लिथियम धातू नसतो, त्यामुळे भरपूर पाणी ओतून तो थंड करता येतो. वाळू ज्वाला झाकते, पण आतील उष्णता कमी करत नाही. कारखान्यात पाणी मारण्यापूर्वी मेन स्विच बंद करायला विसरू नये.

दुकानदार बंधूंसाठी

भारतात लिथियम सेल विकायला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. त्याचे मानक आयएस १६०४६ हे आहे. सेलवर किंवा वेष्टनावर ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक असला पाहिजे. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी आहे का आणि कोणाच्या नावावर आहे हे दिसते. घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलण्यापूर्वी हे दोन मिनिटांचे काम करावे. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर माल घेऊ नये, मग भाव कितीही पडता असो.

पक्के बिल घ्यावे आणि द्यावे. लिथियम सेलवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते, आणि उद्या माल परत करायची वेळ आली तर हातात कागद राहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सदोष वस्तूमुळे नुकसान झाले तर काही परिस्थितीत विक्रेत्यावरही जबाबदारी येते. विशेषतः वस्तू कोणी बनवली हे सांगता आले नाही तर 'आम्ही फक्त विकतो, बनवत नाही' हे उत्तर आता पुरत नाही. फसलेल्या गिऱ्हाइकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

दुकानात एक काटा, एक व्हर्निअर आणि एक मीटर काउंटरवर ठेवावा आणि गिऱ्हाइकासमोर सेल तोलून, मोजून द्यावा. शेजारच्या दुकानात ९९०० चा सेल शंभराला मिळतो असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालत बसण्यापेक्षा हे सोपे जाते.

राहिला निकामी झालेल्या सेलचा प्रश्न. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे असे सेल घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत, ते वेगळे ठेवून अधिकृत संकलनाकडे द्यायचे असतात, आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर आहे. भंगारवाल्याच्या पोत्यात लोखंडाबरोबर टाकलेला सेल कटरखाली किंवा ट्रकच्या हौद्यात चेपला गेला की पेटतो, आणि भंगाराच्या गोदामात आग लागली की शेजारचे कापडाचे गोदाम वाचत नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, प्लास्टिकच्या बरणीत सुके ठेवावेत आणि बरणी भरली की ज्या दुकानातून सेल घेतले तिथे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावर नेऊन द्यावी. दुकानदारांनी अशी एक बरणी दाराशी ठेवली तर गिऱ्हाइकाला सेल नेऊन देण्यासाठी दुसरीकडे हिंडावे लागणार नाही.